मोडशी आणि पेजेची वाटी

आमच्या घरात एक पितळेची वाटी होती. ती आजाऱ्याची वाटी. एरवी तिच्यात कोणी काही खायचे नाही. घरात कोणाला ताप आला, पोट बिघडले, बाळंतीण माहेरी आली की दादी ती वाटी चिंच लावून घासायची आणि तिच्यात पेज ओतायची. उकड्या तांदळाची, मूठभर भात आणि भरपूर पाणी अशी, चार दाणे तळाला बसलेले, वरचे पाणी दुधासारखे पांढरट. त्यात मीठ, कधी जिरे, आणि बोट लावून चव बघितल्याशिवाय ती वाटी पुढे करायची नाही.

१९७७ साली आम्ही मालाडच्या मालवणीत राहायला आलो. त्या काळात शहरातल्या झोपड्या हटवून माणसे इथे आणून वसवली जात होती. आमचे मूळ गाव हर्णैच्या जवळ. अब्बा गोदीत कामाला होते, आणि डोंगरीच्या एका खोलीतून आमचे बिऱ्हाड उचलून मालवणीच्या एका गेटात आले. गेट म्हणजे काय हे मालाडबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. मालवणीतल्या वस्त्या अजूनही गेटाच्या नंबराने ओळखल्या जातात. पत्ता विचारला तर माणूस पाच नंबर, सात नंबर असेच सांगतो. आजूबाजूला उत्तर प्रदेशचे लोक, मराठवाड्यातले दखनी बोलणारे, तमिळ मुसलमान, आणि थोडे पुढे खारोडी, मार्वे, मढ इथले जुने ईस्ट इंडियन आणि कोळी. गाव त्यांचे, आम्ही नंतर आलेले.

त्या पहिल्या पावसाळ्यात वस्तीत जुलाब-उलट्यांची साथ आली. नळाला पाणी ठरावीक वेळी यायचे, गटार आणि नळ शेजारी-शेजारी. माझा धाकटा भाऊ तेव्हा दीड वर्षाचा. दोन दिवसांत त्याचे डोळे खोल गेले, टाळू बसली, रडला तरी डोळ्यांत पाणी येईना. गल्लीतल्या जाणत्या बाया सांगत होत्या, याच्या पोटात काही घालू नका, पाणी तर अजिबात नको, जे जाईल ते दुपटीने बाहेर पडेल. एका डॉक्टरनेही असेच सांगितल्याचे अम्मीला आठवते. दादीने कोणाचे ऐकले नाही. वाटी घेऊन ती त्या पोराजवळ बसली आणि रात्रभर चमच्या-चमच्याने मीठ घातलेली पेज पाजत राहिली. उलटी झाली की थोडे थांबायची, पुन्हा चमचा. सकाळी त्याने लघवी केली तेव्हा दादीने कपाळ जमिनीला टेकवले.

आमच्या मागच्या घरातले मूल त्याच आठवड्यात गेले. त्याला पाणी बंद केले होते.

ही गोष्ट मी कित्येक वर्षे दादीच्या हाताला असलेला गुण म्हणून सांगत आले. शाळेत इतिहास शिकवायला लागले, पुस्तके हाताशी आली, तेव्हा कळले की या वाटीला फार जुना इतिहास आहे, आणि त्याची लिहिलेली नोंद आपल्याच किनाऱ्यावर झालेली आहे.

ती नोंद गार्सिया द ओर्टा या पोर्तुगीज वैद्याची. तो १५३४ साली गोव्यात उतरला. त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगिजांना दिला. या मुलखात साष्टी बेट होते, आणि साष्टीत आपले मालाड. पुढे १७३९ साली चिमाजी अप्पाने वसई घेतली आणि १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी साष्टी उचलली. मधली दोनशे वर्षे मात्र मालाड पोर्तुगिजांच्या अमलाखाली होते. शेजारचे मुंबई बेट तर या ओर्टाकडेच काही वर्षे भाडेपट्ट्याने होते. तिथल्या आपल्या आंब्याच्या एका झाडाला वर्षातून दोनदा फळ येते, असे त्याने कौतुकाने लिहून ठेवले आहे.

१५६३ साली गोव्यात त्याचे पुस्तक छापून निघाले. हिंदुस्थानातल्या औषधी वस्तूंविषयीचे संवाद असे त्याचे स्वरूप. दोन वैद्य एकमेकांना प्रश्न विचारतात आणि आले, हळद, मिरी, नारळ, चिंच, आंबा यांची माहिती बाहेर येते. म्हणजे आपल्या फडताळातलेच सामान! आपले कोकमसुद्धा त्यात 'ब्रिंदोंइश' या नावाने आले आहे. जाता-जाता एक गैरसमज दूर करते. कोकमाच्या झाडाच्या शास्त्रीय नावातले 'गार्सिनिया' हे याच गार्सियावरून आले असे पुष्कळ जण सांगतात. ते खरे नाही. ते नाव लॉराँ गार्सँ नावाच्या नंतरच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञावरून दिलेले आहे.

मुसलमान वाचकाला या पुस्तकात आपलेपणा वाटावा असे बरेच आहे. ओर्टा हा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा स्नेही आणि वैद्य होता. त्या दरबारात अरबी आणि इराणी हकीम होते, आणि ओर्टा त्यांच्याशी तासन् तास वाद घाली. प्रत्येक वस्तूचे अरबी नाव काय, इब्न सीनाने काय म्हटले आहे, अल-राझीने काय म्हटले आहे, आणि इथला वैद्य तीच वस्तू कशी वापरतो, हे तो शेजारी-शेजारी मांडतो. युरोपातले त्या वेळचे वैद्यकशास्त्र अरबांच्या ग्रंथांवर वाढलेले होते, त्यामुळे ओर्टाला हे हकीम परके वाटले नाहीत. चिंचेला पोर्तुगीज 'तामारिंदो' म्हणत. हा शब्द अरबी 'तमर-हिंदी'वरून, म्हणजे हिंदचा खजूर. आमच्या घरात सारात चिंच पडते तेव्हा तिच्याबरोबर एवढा प्रवास भांड्यात पडतो.

अरब व्यापारी या किनाऱ्याला नवे नव्हतेच. अल-मसूदी हा प्रवासी हिजरी ३०४ साली, म्हणजे इसवी सन ९१६च्या सुमारास, चौलला येऊन गेला. त्याने त्या बंदराला 'सैमूर' म्हटले आहे आणि तिथे मुसलमानांची मोठी वस्ती पाहिल्याचे लिहिले आहे. कोकणी मुसलमानाच्या जेवणात तांदूळ, नारळ आणि मासळी आली ती या मातीतून. आज मुसलमानी जेवण म्हटले की बिर्याणी आणि कबाब यांच्यापलीकडे कोणाची नजर जात नाही. माझ्या शाळेतल्या एक सहकारी बाई मला डबा उघडताना नेहमी विचारत, "आज काय मटण?" डब्यात असायची तांदळाची भाकरी आणि सुकट. त्यांच्या डब्यात, त्या रत्नागिरीच्या असल्यामुळे, बहुधा तेच.

ओर्टाच्या पुस्तकात 'कुस्त' या औषधी मुळीवरचे एक प्रकरण आहे. ते चालू असताना एका आजाऱ्याचे बोलावणे येते आणि मुळीची चर्चा बाजूला राहते. तो आजार म्हणजे पटकी, कॉलरा. युरोपियन माणसाने हिंदुस्थानातल्या पटकीचे केलेले हे पहिले तपशीलवार वर्णन मानले जाते. खोल गेलेले डोळे, गार पडलेले हातपाय, पेटके, तहान. ओर्टा सांगतो की या आजाराला इथले लोक 'मोर्शी' म्हणतात, पोर्तुगिजांनी त्याचे 'मोर्देशी' केले, आणि अरब त्याला 'हैजा' म्हणतात.

मोर्शी म्हणजे आपली मोडशी. हा शब्द दादी रोज वापरायची. "मोडशी झालीय, पेज दे." आणि पलीकडच्या गल्लीतला उत्तर प्रदेशचा चाचा त्याच आजाराला हैजा म्हणायचा. चारशे वर्षांपूर्वी ओर्टाने शेजारी-शेजारी लिहिलेले दोन शब्द मालवणीत गल्लीच्या दोन टोकांना ऐकू येत होते. मोडशीचे पुढे आणखी धिंडवडे निघाले. मोर्देशीचे फ्रेंचांनी 'मोर द शियाँ' केले, ज्याचा त्यांच्या भाषेत अर्थ कुत्र्याचे मरण, आणि इंग्रज लेखकांनी तो शब्द तसाच उचलला. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात याची सगळी कुळकथा दिलेली आहे.

मग इथले वैद्य या आजारावर काय करतात, असा प्रश्न संवादात येतो. ओर्टा उत्तर देतो की ते आजाऱ्याला मिरी आणि जिरे घालून तांदळाचे पाणी पाजतात आणि त्याला 'कांजे' म्हणतात.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. जिरे घातलेली ती पेज मी पाहिलेली होती, प्यालेली होती.

पण इथे हातचे राखून सांगणे बरे नव्हे. त्याच उत्तरात ओर्टा पुढे सांगतो की हेच वैद्य आजाऱ्याच्या पायांना डागण्या देतात आणि त्याच्या डोळ्यांत पिंपळी घालतात. म्हणजे ज्या परंपरेत पेज होती तिच्यातच डागणी होती. आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते असे व्याख्यानांतून ऐकू येते तेव्हा मला ती डागणी आठवते. पेज आपण उचलायची आणि डागणीविषयी गप्प राहायचे, याला इतिहास म्हणता येणार नाही.

ओर्टाचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. तो मूळचा यहुदी घराण्यातला. पोर्तुगालमध्ये यहुद्यांना बळेच ख्रिस्ती करण्यात आले होते, त्यांतल्या एका कुटुंबात तो जन्मला. तो १५६८ साली गोव्यात वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गुपचूप यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने जिवंत जाळले. १५८० साली ओर्टाची हाडे कबरीतून उकरून काढली आणि तीही जाळली. इब्न सीनाचा अभ्यास केलेला, मुसलमान सुलतानाच्या दरबारात बसणारा, हिंदू वैद्यांकडून पेज शिकून ती लिहून ठेवणारा हा माणूस मेल्यावरही सुटला नाही.

पटकी मात्र राहिली. १८१७ साली बंगालमधल्या जेसोरकडून निघालेली साथ पुढच्या वर्षी मुंबईत पोचली आणि तिथून जगभर गेली. मुसलमानांच्या वाट्याला यातले एक दुःखद पान आले. १८६५ साली हजच्या काळात मक्केत पटकीने हजारो हाजी मेले, जहाजांबरोबर साथ सुएझमार्गे युरोपात शिरली, आणि पुढच्या वर्षी इस्तंबूलला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सगळ्यांचे बोट हिंदुस्थानी हाजींकडे वळले. हिंदुस्थानातून हजला जाणाऱ्यांचे मोठे बंदर मुंबईच होते. १८८२पासून तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर हाजींना उतरवून क्वारंटाइनमध्ये ठेवू लागले. तिथल्या हालांच्या गोष्टी जुन्या लोकांकडून आमच्या घरातही झिरपत आल्या होत्या. दादी 'कामरान' हा शब्द कैदखान्यासारखा उच्चारायची.

दरम्यान शास्त्र पुढे चालले होते. लंडनच्या जॉन स्नोने १८५४ साली साथ पाण्यातून पसरते हे दाखवले, रॉबर्ट कॉखला १८८४ साली कलकत्त्यात जंतू सापडला, आणि १९५९ साली कलकत्त्याच्याच शंभूनाथ डे यांनी त्या जंतूचे विष वेगळे करून दाखवले. माणूस जंतूमुळे मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, हे कळल्यावर शिरेतून सलाइन द्यायला सुरुवात झाली. पण सलाइन इस्पितळात. मालवणीत ते कुठून येणार?

१९७१च्या उन्हाळ्यात पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे गेले तेव्हा इस्पितळात दोन खोल्या आणि सोळा खाटा होत्या. बाकीचे आजारी फरशीवर, घाणीत. सलाइन संपत आले होते. महालनबीसांनी एका लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या हिशेबाने पुड्या बांधून घेतल्या, पाण्याच्या पिंपात घोळ तयार केला आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. पाजत राहा, एवढेच सांगितले. छावणीतले मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते ते ३.६वर आले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ साली या शोधाची गणना शतकातल्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय शोधांत होऊ शकेल असे म्हटले. महालनबीस २०२२ साली वारले. पद्मविभूषण त्यांना पुढच्या वर्षी, मरणोत्तर मिळाले.

यामागचे कारण सोपे आहे. पटकीत आतडे पाणी बाहेर टाकत असते, पण ग्लुकोज आणि मीठ एकत्र आत ओढून घेण्याची त्याची वाट शाबूत राहते. मीठ एकटे दिले तर फारसे आत जात नाही. साखरेचा हात धरून गेले की जाते, आणि त्यांच्या मागून पाणी जाते. तांदळातला स्टार्च म्हणजे एकमेकांना गुंफलेले ग्लुकोजच. तो आतड्यात हळूहळू सुटतो आणि मिठाला हात देतो. १९८०च्या दशकात ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात साखरेऐवजी तांदळाचे पीठ घालून असा घोळ आजाऱ्यांना देऊन पाहिला, आणि पटकीच्या आजाऱ्यांना त्याने जुलाबही कमी होतात असे दिसले. दादीच्या वाटीत पाणी होते, तांदूळ होता, आणि चवीपुरते म्हणून ती घालत असे ते मीठ होते. नुसती अळणी पेज असती तर कदाचित मी आज वेगळी गोष्ट सांगत असते.

बांगलादेशात त्या दशकात आणखी एक मोठे काम झाले. 'ब्रॅक' या संस्थेच्या मुली खेडोपाडी, घरोघरी जाऊन आयांना शिकवत हिंडल्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. मापे हाताची, सामान घरातले. दहा वर्षांत एक कोटी वीस लाखांवर घरांत त्या पोचल्या. मला या हिशेबात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आईच्या हातात आधीपासून असलेली वस्तू त्यांनी घेतली, पण माप मात्र शिकवले. मीठ जास्त झाले तर तेही मुलाला घातक, म्हणून आधी चाखून बघ, डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागता कामा नये, असे आमच्याकडच्या आरोग्यसेविका सांगत. आजही घरात पुडी नसली तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे माप लक्षात ठेवावे. चमचा चहाचा, छोटा. पुडी मिळाली तर पुडीच बरी. बाजारात 'ओआरएस' असे मोठ्या अक्षरांत छापून गोड सरबते विकली जात होती, त्यांनी जुलाब उलट वाढू शकतात. सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर तो शब्द छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५मध्ये बंदी घातली.

पेज काही आपल्या एकट्याची नाही, हेही मालवणीतच कळले. रमजानमध्ये आमच्या शेजारच्या तमिळ घरातून इफ्तारीला 'नोंबू कंजी' यायची, तांदूळ, डाळ, मेथी, आले घालून शिजवलेली. तमिळनाडूत मशिदींमध्ये हंडे चढतात तिचे. मलेशियात रमजानमध्ये अशीच 'बुबुर लांबुक' वाटतात. चीनमध्ये, जपानमध्ये आजाऱ्याला तांदळाची पेजच देतात, आणि इंग्रजांनी तमिळ कंजीचे 'काँजी' करून चिन्यांच्या पेजेलाही तेच नाव दिले. हदीसमध्ये आजारी आणि शोकात असलेल्यांसाठी सांगितलेला 'तल्बीना' हा जवाच्या पिठाचा, तोही याच कुळातला. भात पिकला तिथे भाताची, जव पिकला तिथे जवाची.

दादीच्या पेजेत उकडाच तांदूळ का, याचेही उत्तर मला उशिरा मिळाले. डच वैद्य आइकमन याने १८९०च्या दशकात जावात पाहिले की पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला की उभ्या राहतात. माणसांतल्या बेरीबेरीचे कारण असे हाती लागले. १९२९ साली त्याला नोबेल मिळाले. भात कांडण्याआधी उकडला की कोंड्यातले जीवनसत्त्व काही प्रमाणात दाण्यात उतरते, म्हणून उकडा तांदूळ खाणाऱ्यांना बेरीबेरी कमी. मुंबईत आल्यावर रेशनवर मिळेल तो तांदूळ खावा लागला. १९७२च्या दुष्काळाच्या आसपास तर लाल मिलो आणि गहू. भाकरी थापणाऱ्या बायकांनी चपाती तेव्हा शिकली. गोरेगावच्या मृणाल गोरे यांच्या मागे लाटणी घेऊन ज्या बाया महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या त्या याच उपनगरांतल्या. इतिहासाच्या पुस्तकात हा स्वयंपाकघराचा इतिहास म्हणून येत नाही, पण मला तो तसाच दिसतो.

आता अम्मीविषयी. हे लिहायचे की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला.

अम्मीला पन्नाशीत मधुमेह निघाला. गोळ्या सुरू झाल्या. पण अम्मीचा विश्वास दादीच्या फडताळावर. भावाला पेजेने वाचवलेले तिने डोळ्यांनी पाहिलेले होते, त्यामुळे घरातल्या वस्तूने सगळे बरे होते यात तिला शंका नव्हती. ती रात्री चमचाभर मेथी भिजत घालायची आणि सकाळी चावून खायची. कलौंजी, दालचिनी, कडू कारल्याचा रस. तिथपर्यंत ठीक होते. पुढे कोणीतरी एका माणसाची 'शर्तिया इलाज' म्हणून पुडी आणून दिली आणि तिने आम्हाला न सांगता गोळ्या बंद केल्या. वर्षभराने पायाला जखम झाली ती भरेना. शेवटी उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली.

मेथीत काही नाही असे नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९८०-९०च्या दशकांत मेथीदाण्यांवर प्रयोग झाले आणि रक्तातली साखर उतरते असे दिसले. पण त्या प्रयोगांत रोजची मेथी २५ ग्रॅमपासून १०० ग्रॅमपर्यंत होती. अम्मीचा चमचा चार-पाच ग्रॅमांचा. हळदीचेही तसेच. १९९५ साली जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत दिले गेले तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे ठेवून ते १९९७ साली रद्द करवले. त्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण ती लढाई हळद आधीपासून वापरात होती हे सिद्ध करण्याची होती. हळदीने काय-काय बरे होते हा प्रश्न त्यात नव्हता. हळदीत कर्क्युमिन असते जेमतेम शेकडा तीन, आणि तेही अंगात फार थोडे शिरते. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले की मिरीतल्या द्रव्याबरोबर दिले तर ते पुष्कळ जास्त शिरते. कालवणात हळद आणि मिरी एकत्र पडतात हे चांगलेच, पण त्याला इलाज म्हणायला माझे मन आता घेत नाही. कोकमाच्या जातीतल्या फळांचा अर्क वजन उतरवायच्या गोळ्यांत घालून विकतात. त्याने वजन फारसे उतरल्याचे दिसलेले नाही, आणि काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत. तेच कोकम बांगड्याच्या कालवणात चार पाकळ्या टाकले तर कोणाचे काही बिघडत नाही.

आणि ज्याने खरोखर बिघडवले त्याच्याविषयी आमच्या घरात कोणी बोललेच नाही. १९३७ साली डालडा आला. गावाकडे नारळाच्या रसात आणि थोड्या खोबरेल तेलात होणारे जेवण मुंबईत लग्नाच्या देगेपासून रोजच्या पराठ्यापर्यंत वनस्पती तुपावर गेले, कारण ते स्वस्त होते आणि दिसायला तुपासारखे होते. त्यातल्या ट्रान्स फॅटने हृदयाच्या नळ्यांचे काय होते हे कळायला अनेक दशके लागली. आपल्याकडे तेला-तुपांत त्याची मर्यादा शेकडा दोनवर यायला २०२२चे जानेवारी उजाडले. अब्बा हृदयविकाराने गेले. त्यांना डालड्यातली बिर्याणी फार आवडायची.

पायाची बोटे गेल्यानंतर एका पावसाळ्यात अम्मीला ताप आला आणि तिने पेज मागितली. मी इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पांढऱ्या तांदळाची पातळ पेज साखर भर्रकन वाढवते, जपून द्या, सोबत डाळीचे पाणी किंवा अंडे द्या. ज्या गुणाने भावाला वाचवले, तो स्टार्च झटपट ग्लुकोज होण्याचा गुण, तोच अम्मीला सोसणारा नव्हता. मी हे तिला समजावून सांगू लागले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुझ्या दादीने पोराला दिली तेव्हा तो मधुमेही नव्हता, एवढेच ना? मग मला अर्धी वाटी दे."

मी अर्धी वाटी दिली. आधी गोळी, मग पेज. सोबत सुक्या जवळ्याची चटणी द्यायला तिने सांगितले, आणि रक्तदाबामुळे मी ती नावाला दिली, तर त्यावरून दोन दिवस अबोला धरला.

पितळेची वाटी आता भावाकडे आहे. तो मीरा रोडला राहतो, पन्नाशीच्या आसपास आहे, आणि त्याच्या नातवाला गेल्या पावसाळ्यात जुलाब झाले तेव्हा सुनेने पुडी फोडून बाटलीत घोळ केला. मोजून, एक लिटर. मग पोर बाटलीतून पिईना म्हणून भावाने तो घोळ त्या वाटीत ओतला आणि चमचा घेऊन त्याच्या शेजारी बसला.